न पेटणारा पाईप

आमच्या मामंजींच्या तोंडात सदोदित पाईप असे, पण त्यातून धूर निघालेला फारसा कोणी पाहिला नव्हता. पांढरं धोतर, डोक्याला फेटा, तोंडात विलायती पाईप आणि पायाशी विझलेल्या काड्यांचा सडा, असे ते बाजेवर बसलेले असत. सकाळी अंगण झाडताना त्या काड्या गोळा करायचं काम सुनेचं, म्हणजे माझं. चूल पेटवायला पुरतील एवढ्या निघत.

उभा जन्म त्यांनी सांगलीकडच्या तंबाखूच्या वखारीत काढला होता. चुना-तंबाखूपायी दात गेले आणि डॉक्टरांनी चघळायची बंदी केली. सासूबाई वारल्यावर ह्यांनी त्यांना आमच्याकडे आणलं. ह्यांची नोकरी तारापूरला वीजघराच्या बांधकामावर. वसाहतीतली घरं अजून व्हायची होती, म्हणून आम्ही किनाऱ्यालगत भिकूबाई कोळणीकडे भाड्यानं राहत होतो. मामंजी आले आणि गप्पच झाले. ‘वाढ’ आणि ‘पुरे’, एवढ्यावर त्यांचं दिवसाचं बोलणं भागे. हा माणूस असाच आतल्या आत संपून जाईल, अशी मला धास्ती वाटायची.

त्यांना बाहेर काढलं ते एका गोऱ्या साहेबानं. तोही बांधकामावरचाच. संध्याकाळी पाईप ओढत समुद्रावर फिरायला येई. त्या वासानं मामंजी बाजेवरून उठले आणि त्याच्या मागोमाग चालू लागले. चार दिवसांनी साहेबानं आपला एक जुना पाईप त्यांना देऊन टाकला. मग रोज दोघं एका पालथ्या होडीवर शेजारी शेजारी बसू लागले. मामंजींना इंग्रजी येत नाही, साहेबाला मराठी येत नाही.

“मामंजी, बोलता तरी काय?” मी एकदा धीर करून विचारलं.

“बोलायचं काय त्यात? बसतो.”

अडचण होती ती तंबाखूची. साहेबाची तंबाखू मुळातच ओलसर, काकवीत भिजवल्यासारखी, त्यात समुद्राची दमट हवा. साहेब चिमूटभर तंबाखू कागदावर मोकळी करून ठेवी, जरा सुकली की हलक्या हातानं भरी. मामंजी कशाला बघतात! ते ओली तंबाखूच चिलमीत भरावी तशी ठासून भरत. दोन झुरके झाले की विझली. साहेबाची सगळी संध्याकाळ मामंजींचा पाईप पेटवून देण्यात जाई. मामंजींना त्याची फार लाज वाटे.

अशात साहेबाचं परत जायचं ठरलं. शेवटच्या दिवशी मामंजींनी सकाळीच मला हाक मारली.

“सूनबाई, सूप दे. आज एकदा तरी त्याच्याबरोबर तळापर्यंत ओढायचाय.”

साहेबानं दिलेली, घरात होती नव्हती ती तंबाखू त्यांनी सुपात पसरली आणि सूप भर उन्हात, भिकूबाईच्या बोंबलांशेजारी ठेवलं. स्वतः छत्री घेऊन राखणीला बसले. दुपार कलली तरी हलेनात.

“बाबा, आमी बोंबील बी एवढं नाय वालवत,” भिकूबाई म्हणाली. “पाला हाय तो, जलून जाईल!”

“देठ कटकन मोडल्याशिवाय तंबाखू वाळली असं आमच्या वखारीत कोणी म्हणत नाही.”

तंबाखूला पाला म्हटल्याबद्दल त्यांनी भिकूबाईशी बोलणं टाकलं. तिला ते कळलंही नसेल.

संध्याकाळी ते सूप घेऊनच होडीवर साहेबाशेजारी जाऊन बसले. मी कुडाआडून बघत होते. मामंजींनी पापडासारखी कडकडीत झालेली तंबाखू ऐटीत भरली, काडी लावली आणि भडकाच उडाला! मिशीचं एक टोक करपलं, जीभ भाजली, खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. साहेबाचा पाईप पेटायच्या आत मामंजींच्या पाईपात राख झाली होती. मला हसू आवरेना. पण मामंजी मान खाली घालून बसले, तसा मी तोंडाला पदर लावला.

साहेब हसला नाही. त्यानं त्यांच्या सुपातली कडक तंबाखू तळहातावर घेतली, आपल्या पिशवीतली ओली तिच्यात मिसळली, चोळली आणि मूठ बराच वेळ मिटून ठेवली. मग दोन्ही पाईप भरले. दोन्ही पेटले. समुद्र काळा पडेपर्यंत दोघं ओढत होते. मामंजींचा पाईप तळापर्यंत जळाला.

साहेब गेला. मामंजींनी पाईप धुऊन, पुसून फळीवर ठेवला आणि पुन्हा कधी तोंडाला लावला नाही. मी कारण विचारलं.

“एकट्यानं ओढायला ती काय बिडी आहे?” ते म्हणाले.

मग जरा घुटमळले आणि मी भाजी निवडत होते तिथं, पायरीवर येऊन बसले. मी जरा सरकून त्यांना जागा दिली. अर्धी भाजी निवडून झाली तेव्हा म्हणाले, “तुझ्या सासूला तंबाखूचा वास सोसत नसे.” सासूबाई गेल्यापासून मामंजींनी घरात त्यांचं नावसुद्धा काढलं नव्हतं. त्या दिवशी भाजी निवडून झाली, चुलीवर चढली, तरी ते सासूबाईंबद्दलच बोलत होते.