उशिरा कळलेलं सुतक

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी नागपुरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. वर्षाच्या पहिल्याच तासाला फळ्यावर सजीवाच्या खुणा लिहायच्या: श्वसन, हालचाल, वाढ वगैरे. मग बेडूक फाडून त्याचं हृदय मिठाच्या पाण्यात टाकायचं. ते तिथंही धडधडत राही. मुली तोंडावर रुमाल धरत, आणि मला मजा येई. "हे चालतंय, म्हणून बेडूक जिवंत म्हणाल का?" लग्नानंतर बायकोवर छाप पाडायलाही मी हेच सांगितलं होतं. दुसरं काही येत नव्हतं मला.

आमचं पहिलं मूल जरीपटका भागातल्या भाड्याच्या खोलीत झालं. मुलगा. रडला नाही. सुईणीने उलटा धरला, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली आणि शेवटी माझ्या हातात दिला. बायको अर्धवट शुद्धीत होती. श्वास नव्हता, पण छातीच्या पातळ कातड्याखाली हृदय उडत होतं. मी काय केलं? घड्याळात पाहून ठोके मोजले. सवयच ती. थांबले तेव्हा पोर परत सुईणीकडे दिलं.

दारात आई उभी होती. "जीव होता का गा? मले सांग. पाचव्या महिन्यातच जीव पोटात उतरते. सुतक धरा लागीन."

सुतक म्हणजे दहा दिवस घरी बसणं, आणि प्रात्यक्षिक परीक्षा चार दिवसांवर आलेली. बाहेरच्या परीक्षकांपुढे मला मिरवायचं होतं.

"श्वासच नाही घेतला त्यानं," मी म्हणालो. "श्वास नाही त जीव नाही. सुतक कायचं?"

आईला शिकलेल्या मुलाचा फार अभिमान. तिने तो पाचवा महिना तिथल्या तिथे सोडून दिला. पुढे बायको रडायला लागली की डाफरायची, "जीवच नव्हता म्हनते ना तो, मंग रडून राहिली काहून वं?" मला ते सोयीचंच होतं. मी मान खाली घालून जेवायचो.

दीड महिन्याने एका दुपारी वाढता वाढता बायकोने विचारलं, "तुमच्या बेडकाचं काढल्यावरही चालते म्हनता ना? आपल्या बाळाचं चालत होतं का?"

खोटं बोलायला हवं होतं. पण विषय माझा होता ना! "चाललं थोडा वेळ," मी म्हणालो. "पण त्याले जीव नाही म्हणत."

तिचा हात थांबला. "कोन नाही म्हनत?"

मग ती डोक्यावरून आंघोळ करून आली आणि कोपऱ्यात चटई टाकून बसली. आई ओरडली, "आता कोनाचं सुतक वं?"

"माह्या पोराचं. मले आज कळलं."

आमच्याकडे बातमी उशिरा कळली तर तीन दिवस सुतक धरतात. आईने माझ्याकडे पाहिलं. मग तीही आंघोळ करून आली आणि सुनेशेजारी जाऊन बसली. मलाही बसावंसं वाटलं. पण बातमी उशिरा कळली होती ती त्या दोघींना. मला ती पहिल्या दिवसापासून ठाऊक होती.