हात न टेकता

पंगत उठायला लागली की अक्का आधी पदर कमरेला खोचत. मग मांडी मोडून दोन्ही पाय जवळ घेत, रिकाम्या पत्रावळीकडं एकदा बघत आणि उठत. उठून उभ्या राहिल्या की एकच शब्द बोलत. "वसूल." नाहीतर, "गेले." मठाच्या दासोहाला, म्हणजे अन्नदानाच्या पंगतीला, जेवायला बसलेल्या आमच्या लातूरच्या गल्लीतल्या बायका त्या एका शब्दासाठी खरकट्या हातानं थांबलेल्या असत.

वसूल म्हणजे पैसे वसूल. गेले म्हणजे पैसे पाण्यात गेले. अक्कांचा मुलगा हैदराबादला मोठ्या नोकरीला. आईच्या तब्येतीसाठी तो सारखं काही ना काही धाडायचा. कधी पोटाला बांधायचा थरथरणारा पट्टा, कधी पावलं मोजणारं घड्याळ, कधी फोनवरचा विकतचा व्यायाम. अक्का ती वस्तू वापरायच्या आणि पुढच्या दासोहाला तिचा निकाल लावायच्या. हात न टेकता जमिनीवरून उठता आलं तर वसूल. हात टेकावा लागला तर गेले. वजनाचा काटा, कमरेचं माप असल्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत.

ही परीक्षा आली कुठून, तेही सांगते. लेकीच्या साखरपुड्यात त्यांना पंगतीतून उठताच येईना. शेवटी विहिणीनं एका दंडाला आणि वाढप्यानं दुसऱ्या दंडाला धरून वर ओढलं. सगळा मांडव हसला. अक्काही हसल्या, पण ते त्यांच्या मनातून गेलं नाही.

निकाल मात्र अगदी चोख. पट्ट्याबद्दल म्हणाल्या, "पोट हाललं, मी न्हाई. गेले." घड्याळ भाकरी थापतानाही पावलं मोजायचं. "सा जणांच्या भाकरी थापल्या की ही बया मला पार औशाच्या गावाला नेऊन आणती! गेले." फोनवरच्या व्यायामात एक मुलगी गोड आवाजात शाबासकी द्यायची. एकदा अक्का फोन टेबलावर ठेवून खुर्चीत बसल्या. "मी च्या पीत बसले अन् ती म्हनती, छान, असंच चालू ठेवा. गेले." एका साध्या रबरी पट्टीला तेवढं त्यांनी वसूल म्हटलं. पुढच्या आठवड्यात गंजगोलाईच्या बाजारात कुठल्याच दुकानात तसली पट्टी शिल्लक राहिली नाही.

पण वस्तू अर्धवट वापरून त्यांनी कधी नाव ठेवलं नाही. "मधीच सोडून निकाल द्यायचा न्हाई. बनवनाराचंबी पोट हाय," असं म्हणायच्या.

आता माझं सांगते. मी शाळेतली नोकरी सोडून बायकांसाठी व्यायामाचा क्लास काढला होता. पुण्याला जाऊन रीतसर शिकून आले, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलं, समाजाचा हॉल भाड्यानं घेतला. आणि गल्लीतल्या बायका काय म्हणाल्या? "बगू. अक्का काय म्हनत्यात ते बगू." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हाडं, सांधे, स्नायू मी शिकलेली आणि निकाल अक्कांचा! माझ्या सासूबाईंना गुडघ्याला पट्टा घ्यायचा होता. सून घरात असताना त्या चपला घालून अक्कांकडं विचारायला गेल्या. नवऱ्यानं घरात चालायचं यंत्र आणलं, तेही अक्कांनी होकाराची मान डोलावल्यावर. ते यंत्र दिसलं की मी तोंड फिरवायची. अजूनही त्याच्यावर मी टॉवेल वाळत घालते.

अक्कांचं मन मोडणारं मात्र मी कधी बोलले नाही. उलट रोज दुपारी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायची. ज्या माणसावर आपण जळतो, त्याच्यापासून लांब राहवत नाही. तुम्हीही हे पाहिलं असेल.

तिथंच एका रविवारी मुलाचा फोन आला. आदल्याच सोमवारी दासोहाला अक्कांनी त्याच्या घड्याळाला सगळ्यांदेखत "गेले" म्हटलं होतं. आता त्यांनी फोन दोन्ही हातांनी धरला, भिंतीकडं तोंड केलं. आवाज एकदम मऊ झाला, तान्ह्याला थोपटताना होतो तसा. "लई भारी हाय रे बाळा. एकदम वसूल."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "अक्का, सोमवारी तर गेले म्हणालात?"

"त्याला यायला जमत न्हाई, तवा धाडतंय. धाडलेलं वाया गेलं म्हनू का त्याला?"

"पण खोटं कशाला?"

"तुमाला खरं सांगते की! खरं गल्लीला. त्याला... त्याचं निराळं हाय."

त्या दिवसापासून मला आणखी एक हेवा लागला. गल्लीतल्या बायका त्यांचं ऐकायच्या त्याचा होताच, आता त्या हैदराबादच्या मुलाचाही वाटायला लागला. माझी आई कडक होती. परीक्षेत पहिली आले तरी "बरं" म्हणून ती चुलीकडं वळायची. तसल्या मऊ आवाजात माझ्याशी कधी कुणी बोललं नव्हतं. आणि हा माणूस पाडव्याला आला तर आला, एरवी नुसती खोकी धाडायचा, आणि त्याला ते दर रविवारी मिळायचं. खरं सांगते, माझ्या पोटात दुखायचं.

आषाढात अक्का आपणहून क्लासला आल्या. फी पूर्ण दिली. मी घेत नव्हते, तर रागावल्या. "फुकट आले तर निकाल देता यायचा न्हाई." क्लासमध्ये सगळ्यांत मागं उभ्या राहायच्या, लुगड्याचा काष्टा घालून, ओठ घट्ट मिटून. दम लागला तरी थांबायच्या नाहीत. बाकीच्या बायका खिडकीतून डोकावून जायच्या. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी दासोह होता. त्या दिवशी अक्का हात न टेकता उठल्या तर माझा हॉल भरणार होता. नाही उठल्या तर मला पुन्हा शाळेच्या दारात उभं राहावं लागणार होतं. गल्लीत हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

त्या सोमवारी मी मुद्दाम वाढायला उभी राहिले. हातात हुग्गीची बादली होती. गव्हाची ती खीर अक्कांना फार आवडायची. त्यांच्या पत्रावळीवर मी एक पळी जास्त वाढली. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "लाच देतीस व्हय?" बायका हसल्या. मला हसू आलं नाही.

पंगत संपली. अक्कांनी पदर खोचला. पाय जवळ घेतले. निम्म्या उठल्या, तेवढ्यात गुडघा थरथरला. त्यांनी तोल सावरायचा फार प्रयत्न केला, मला तो दिसत होता. मग उजवा हात जमिनीला टेकला.

सगळ्या बायका शब्दासाठी थांबल्या. अक्का काहीच बोलल्या नाहीत. नळावर जाऊन त्यांनी हात धुतले आणि मागं न बघता निघून गेल्या. असं याआधी कधी झालं नव्हतं. निकालच लागला नाही म्हणून गल्ली गोंधळून गेली. काही बायका माझ्याकडं आल्या, काही आल्या नाहीत. क्लास कसाबसा तग धरून राहिला.

पंधरवड्यात अक्कांनी अंथरूण धरलं. नांदेडची लेक येऊन त्यांना घेऊन गेली. तिकडं दवाखाने बरे आहेत म्हणाली. मला नांदेडचाही राग आला. गाडी निघाली तरी माझा शब्द काही मिळाला नव्हता.

बायका मला भंडावून सोडायच्या. "अक्काला फोन लाव की. इचार, वसूल का गेले." दिवाळी झाल्यावर मी लावला. तब्येत विचारली, नातवंडं विचारली. मग राहवेना.

"अक्का, माझ्या क्लासचं सांगायचं राहिलं तुमचं."

 मग आवाज आला. मऊ, थोपटणारा.

"लई भारी हाय गं बाळा. एकदम वसूल."

मी फोन कानाला तसाच धरून बसले. रडू कशाचं आलं, ते तुम्हाला नीट सांगता यायचं नाही. माझा क्लास नापास झाला होता, हे त्याच क्षणी पक्कं कळलं. आणि ज्या आवाजावर मी इतके दिवस जळत होते, तो आज माझ्यासाठी निघाला होता.

बाहेर बायका वाट बघत होत्या. हे शब्द मी जसेच्या तसे सांगितले असते, तर एक अक्षर खोटं ठरलं नसतं आणि हॉल भरला असता. मी म्हणाले, "फोन लागला नाही."

थंडीत अक्का नांदेडलाच वारल्या. त्यांच्यामागची शिवगणाराधना, म्हणजे दिवसांचं जेवण, मात्र इथं लातूरला, त्याच मठात झाली. शेवटच्या पंगतीला घरची माणसं बसली. मी वाढायला होते. मुलाला मी पहिल्यांदाच जवळून नीट बघितलं. अंगानं चांगलाच सुटला होता. जेवण झाल्यावर त्याला उठता येईना. एक हात टेकला, दुसरा टेकला, तरी येईना. मी बादली खाली ठेवली, त्याच्या दंडाला धरलं आणि वर घेतलं. कुणी हसलं नाही.

तो ओशाळून म्हणाला, "आईला मी कितीतरी वस्तू पाठवल्या. तिला सगळ्या आवडायच्या. प्रत्येक वेळी वसूल म्हणायची."

"हो," मी म्हणाले. "आम्हालाही तेच सांगायच्या."

त्यानं डोळे पुसले. मग विचारलं, "तुमच्या क्लासलाही यायची ना ती? त्याचं काय म्हणायची?"

भोवतालच्या बायकांनी माना वळवल्या.

"काही बोलल्या नाहीत," मी म्हणाले आणि बादली उचलली. त्याच्याकडं तसे कितीतरी वसूल होते. माझ्याकडं एकच होता.