चारुदत्त गाडी शिकतो

माझ्या नवऱ्याला, चारुदत्तला, कुठलीही गोष्ट करण्याआधी ती संपूर्ण समजून घ्यायची असते. पुण्यात त्याने पोहायला शिकायचं ठरवलं आणि पोहण्यावरची पुस्तकं वाचता वाचता अख्खा उन्हाळा घालवला. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे त्याला पटतं. त्यावर तो छान बोलतोही.

ऑस्ट्रेलियात टूवूंबाला आलो आणि पंचाईत झाली. इथे बस आली तर आली, नाही तर नाही. मी हॉस्पिटलात नर्स, त्यामुळे गाडी मीच चालवायची. नवी गाडी घेतली तेव्हा रीतसर पूजा केली, चाकाखाली लिंबू ठेवलं. ते चिरडायलाही मीच बसले, कारण साहेबांचं मॅन्युअल वाचून व्हायचं होतं.

मग मला दिवस गेले. अँब्युलन्स एका फोनवर येते, ठाऊक आहे. पण बाळाच्या वेळी मला आपल्या माणसानेच न्यावं, एवढा एकच हट्ट मी धरला. चारुदत्तने लर्नरच्या लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी मिळवले आणि रस्त्यावर जायच्या आधी पुन्हा वाचायला बसला.

शेजारच्या लिनबाई तैवानच्या, शाळेतून रिटायर झालेल्या. त्यांनी त्याला रिकाम्या मैदानात फेऱ्या मारायला लावल्या. तिथे तो झकास चालवायचा. रस्ता आला की गाडी थांबायची आणि विचार सुरू. शेवटी त्या वैतागल्या. "शिकायचं, विचार करायचा आणि मग करायचं. एक जरी गळलं तरी वाया. तीनदा विचार करणाऱ्याला आमचा कन्फ्यूशियस म्हणाला होता, दोनदा पुरे!"

चारुदत्त भारावला. दोनदाच का, यावर तो आठवडाभर विचार करत होता.

एका शनिवारी दुपारी कळा सुरू झाल्या. मी किल्ली उचलली. "राहू दे, मीच चालवते."

"वेडी आहेस का? कॉन्ट्रॅक्शन आली की ब्रेक कोण मारणार?"

हे मला सुचलंच नव्हतं. मी आधी उडी मारते, पाणी किती ते मग बघते. मुकाट्याने शेजारी बसले. लायसन्स माझं पक्कं, म्हणजे कळा सोसत त्याची सुपरव्हायझरही मीच.

पहिल्याच राउंडअबाउटला गाडी थांबली. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, हा नियम. हा सगळ्यांना जाऊ देत होता. दूर टेकाडावर एक ट्रक दिसला, त्याचीही वाट बघू लागला. मागे रांग लागली, पण हॉर्न कुणी वाजवेना. गावाच्या या सभ्यतेचा मला भयंकर राग आला.

"नीरजा, त्या ट्रकचा इंडिकेटर..."

"चारू, बाळ इथेच झालं तर पत्ता काय लिहायचा, त्याचा विचार कर!"

त्याने एकदा उजवीकडे पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं आणि गाडी काढली. आचका नाही, धक्का नाही. पुढचे गोलही तसेच पार केले. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम. मला त्याचा इतका अभिमान वाटला की रडूच आलं. त्याला वाटलं, कळ आली.

संध्याकाळी मुलगी झाली. बाळ कसं धरावं याचे यच्चयावत व्हिडिओ त्याने पाहिले होते. नर्सने विचारलं, "रेडी, डॅड?" तिचं वाक्य संपायच्या आत त्याने हात पुढे केले. मुलीने त्याचं बोट घट्ट पकडलं.

"हे कुठेच लिहिलेलं नव्हतं गं," तो म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.