गिरणीवाल्या अण्णांचा माठ

माझं अक्षर किरटं आहे आणि शुद्धलेखनही चुकतं, कारण शाळा चौथीपर्यंतच झाली. पण आमच्या अनगोळच्या गिरणीवाल्या अण्णांविषयी लिहून ठेवावंसं वाटतं.

त्यांच्या किडन्या निकामी झाल्यात. घरीच नळीनं पोटात औषधाचं पाणी सोडतात आणि काही तासांनी बदलतात. नळीवर पीठ उडून चालत नाही, जंतू जातात, म्हणून बदलताना गिरण बंद ठेवून दार लावून घेतात. डबे घेऊन आलेल्या बायकांना आतून ओरडतात, "थांबा गं, पोटातलं दळण चाललंय!"

हृदयही थकलंय. "डॉक्टर म्हणत्यात, आतनं गंज चढतोय. गिरणीला तेल घालता येतं, ह्येला काय घालू?" असं म्हणून हसतात. जास्त पाणी प्यायलं की हृदयावर ताण येतो, म्हणून त्यांना मोजकंच मिळतं. तरी गिऱ्हाइकांसाठी दारातला माठ तेच भरतात.

गेल्या महिन्यात धाप लागून दवाखान्यात होते. घरी आल्यावर त्यांच्या बायकोनं, आमच्या वैनींनी, माठ उपडा केला. "डोळ्यासमोर पाणी नको. एक दिवस ऱ्हावणार न्हाय तुम्हास्नी." अण्णांनी तो सुलटा करून परत भरला.

काल मी उन्हातून ज्वारी घेऊन गेले. तहान लागली होती, पण त्यांच्यासमोर प्यायला मन होईना. मी पाठ फिरवून पेला तोंडाला लावला.

"आक्का, हिकडं तोंड करून प्या की. सावकाश."

मी वळून प्याले. ते बघत राहिले.

"गार हाय?"

"व्हय अण्णा, लई गार."

"मग झालं," म्हणाले आणि कोरडे ओठ टॉवेलानं पुसून त्यांनी गिरण चालू केली.