प्लायची जोडी

परवा शेजारी कपाटाला पॉलिश चाललं होतं आणि त्या वासानं मला राजारामपुरीतलं स्पीकरचं दुकान आठवलं. तेव्हा वडील जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि फोनमध्ये राहिलेलं त्यांचं एक भजन आईला घरात मोठ्यानं ऐकायचं होतं, म्हणून आम्ही तिघं तिथं गेलो होतो. भाऊ स्पीकरच्या पॉलिशदार सागवानी जोडीवर हात फिरवत म्हणाला, "वजन बघ की, जलमभर टिकंल." तिच्यातून वडिलांचा आवाज आला, पण बंद खोलीतून आल्यासारखा. मग दुकानदारानं तेच भजन हलक्या प्लायच्या जोडीवर लावलं. तिची जाळी बोट लावलं तरी हलत होती. पहिली ओळ संपली, आणि दुसरीच्या आधी वडिलांनी घेतलेला श्वास आम्हाला स्पष्ट ऐकू आला. भर दुकानात आईनं डोक्यावर पदर घेतला. "वर्षात भुगा हुईल ह्याचा," भाऊ हळूच म्हणाला. "हुंदे," आई म्हणाली, "तवर तरी ह्येनी घरात असतील की." आता त्या जोडीचा एक कोपरा सुटलाय, तिथं पट्टी मारलीय. तरी तो श्वास आला की घरातलं बोलणं आपोआप थांबतं, आणि पुढची ओळ सुरू होईपर्यंत मीही श्वास घेत नाही.