माझं ते बरोबर उत्तर

मारोतीभाऊ एम.ए.ला नापास झाला तो माझ्यामुळे.

इतकी वर्षं हे कुणाला सांगितलं नाही. परवा तो गेला. आता तरी सांगते.

आम्ही दोघं गोंड. दोघांची गावं देवलापारच्या पुढची, नागपुरात शिकायला आलेलो. तो चार वर्षांनी मोठा, म्हणून भाऊ. सत्तरच्या दशकात समाजशास्त्राच्या त्या वर्गात आमच्यातले आम्ही दोघंच. आणि पेपर कोणता, तर ‘आदिवासी समाज’.

वर्गातल्यांना वाटायचं, यांना काय, फुकटचे मार्क.

कसले फुकटचे! इंग्रजांच्या राज्यात कुणा साहेबाने लिहिलेलं एक जाड पुस्तक होतं, त्याचीच घोकंपट्टी. त्यात आमच्याबद्दल छापलं होतं की गोंडांना मेलेल्याच्या भुताची फार भीती, ते परत येऊ नये म्हणून हे लोक दगड रोवतात.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. मारोतीभाऊ आत, मी दाराबाहेर. पडद्यातून सगळं ऐकू येत होतं.

सरांनी विचारलं, गोंड दगड का रोवतात?

भाऊ म्हणाला, अडवायला नाही सर, त्याला बसायला जागा म्हणून. तिसऱ्या दिवशी आम्ही नाल्यावर जातो, गेलेल्याचं नाव घेऊन हाका मारतो. पाण्यात जे हाती लागेल, मासोळी म्हणा, खेकडा म्हणा, ते मडक्यात घालून घरी आणतो. तो आला, असं म्हणतो.

सर हसले. हे कोणत्या पुस्तकात आहे, म्हणाले.

"पुस्तकाचं माहीत नाही, सर. माह्या मायले आमी असंच घरी आणलं."

मग माझा नंबर. प्रश्न तोच.

मला काय उत्तर येत नव्हतं? आज्याच्या वेळी ते मडकं मीच उचलून आणलं होतं. वाटेत मागे वळून बघायचं नाही म्हणून मान आखडली होती माझी.

पण नापास झाले असते तर स्कॉलरशिप गेली असती, हॉस्टेल गेलं असतं.

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. शब्दन् शब्द.

सरांनी शिपायाकरवी भाऊला परत आत बोलावलं. मला म्हणाले, "पुन्हा सांगा." आणि त्याला म्हणाले, "ऐका, तुमच्याच समाजाची मुलगी काय सांगते ते."

मी पुन्हा सांगितलं. पहिल्यापेक्षा मोठ्याने.

भाऊ फरशीकडे बघत उभा होता.

निकाल लागला त्या दिवशी सीताबर्डीवर चहा त्यानेच पाजला. माझं रडं थांबेना. तो एवढंच बोलला, "रडून काहून राहिली वं? पास झाली ना तू."

पुढच्या वर्षी त्याने माझं उत्तर दिलं. पास झाला, लेक्चरर झाला. आणि तिथेच अडकला.

तीस वर्षं वर्गात उभं राहून तेच शिकवलं, कारण पेपरात तेच यायचं. त्याच्या नोट्स इतक्या सुटसुटीत की पोरं झेरॉक्स काढून वाटून घ्यायची. घरात एक आणि वर्गात एक, असं बोलणं त्याला जमेना. म्हणून घरी तो या विषयावर गप्पच राहिला. बायकोशी, मुलाशी, सगळ्यांशी.

एकदाच बोलला. ऐंशीच्या दशकात, माझ्या स्वयंपाकघरात बसून. पेपर तपासून थेट माझ्याकडे आला होता.

"एका पोरीनं उत्तरात नाला लिवला, सुमन. मासोळी लिवली."

"मग?"

"दहापैकी पाच देल्ले."

मी चिडले. म्हटलं पाचच का, पूर्ण का नाही? तर म्हणाला, पेपर पुन्हा बघणारा वरचा परीक्षक विचारणार की हे कोणत्या पुस्तकात आहे, आणि पुस्तक तर नाही. मग तूच लिही ना पुस्तक, मी म्हटलं.

तो हसला.

"मी लिवलं तं ते म्हनतीन, तुह्याच समाजाची पोरगी येगळं सांगून गेली."

रागाने नाही बोलला. तेच जास्त लागलं. पुढे आयुष्यभर त्याने तो विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. माफी मागायची तर विषय काढावा लागतो ना.

काल त्याचा मुलगा आला. पुण्याला कंपनीत असतो, चांगला पोरगा आहे. हातात बापाच्या नोट्स होत्या.

"आत्या, बाबांचं आपल्या पद्धतीनं करायचंय. मला काहीच माहीत नाही, म्हणून यात बघितलं. बाबा परत येऊ नयेत म्हणून दगड रोवायचा, असं लिहिलंय. बरोबर आहे ना?"

अक्षर मारोतीभाऊचं. वाक्य माझं.

आता समोर परीक्षक नव्हता, हॉस्टेल जाणार नव्हतं.

"चूक आहे, बाळा. मला तेव्हाच माहीत होतं."

सगळं सांगितलं त्याला. त्याने नोट्स मिटून बाजूला ठेवल्या. मग म्हणाला, "मडकं केवढं लागतं?"

आज तिसरा दिवस. सकाळी गावच्या नाल्यावर गेलो. पोरगा आधी "बाबा, बाबा" म्हणत होता. मी म्हटलं, नाव घे. त्याला लाज वाटत होती, पण त्याने घेतलं. पाणी कमी होतं. बऱ्याच वेळाने बोटाएवढी एक मासोळी आली.

मडकं घरी आणलं. मी मागे वळून बघितलं नाही.

त्या नोट्स अजून किती पोरांकडे असतील, देव जाणे. त्या काही मला परत बोलावता येत नाहीत.

एक विनंती. खाली कमेंटमध्ये कुणी भावपूर्ण श्रद्धांजली लिहू नका. तो निरोप होतो, आणि आम्ही निरोप देत नाही. लिहायचंच तर ‘ये’ लिहा.

मारोतीभाऊ, आपल्या गोंडांचा सेवा जोहार.

चुकलं माझं. ये, घरी ये.