गार्डाच्या घरातली दुपार

जनार्दन वानखडे मालगाडीचे गार्ड म्हणून रिटायर झाले, तेव्हा सगळ्यांनी त्यांना एकच सांगितलं, आता आराम करा. आराम म्हणजे नेमकं काय करायचं ते कुणी सांगितलं नाही. खातीपुऱ्यातल्या रुळांलगतच्या घरी दुपारचं जेवण झालं की ते खाटेवर आडवे होत, डोळे मिटत आणि जागेच राहत. उभी हयात रात्रपाळीत गेलेली. थकवा अंगात मुरला होता, झोप मात्र नोकरीबरोबरच गेली.

त्याहून वाईट होती घरातली शांतता. सासू-सुनेची स्वयंपाकघरात कुजबुज चाले आणि जनार्दन पाणी प्यायला उठले की तीही थांबे. मुलगा संकल्प ऑफिसातून फोन करी, तो घेऊन सून सोनम गच्चीवर पळे. टीव्हीचा आवाज बंद असे. दोघी नुसत्या चित्रांवर मालिका बघत आणि वेळेवर डोळेही पुसत. बाहेरून फुलेऱ्याला जाणारी गाडी खिडक्या हलवत, शिटी मारत बिनधास्त जाई. घरातली माणसं मात्र तोंडाला कुलूप लावून.

आपण इथे नकोसे झालो, असं जनार्दनांच्या मनाने घेतलं. सरळ विचारायचं सोडून ते रुसले. रुसलेल्या म्हाताऱ्याची पंचाईत अशी, की त्याला कडेवर घेऊन समजावता येत नाही. मूर्तिजापूरजवळच्या मूळ गावी धाकटा भाऊ देवराम राहत होता. त्याला त्यांनी कळवून टाकलं, कायमचा येतोय, एकटाच. मग भरदुपारी ते बॅग भरायला बसले. बायको इंदुमती हात पुसत आली आणि बॅगेपाशी उभी राहिली.

“काऊन चालले, ते तरी सांगा,” ती हळूच म्हणाली.

“हे असं. तू माह्याशीही कानातच बोलते. मी दिसलो की सगळ्यायचे तोंड बंद. मी काय परका हाय?”

इंदुमती खाटेच्या कडेवर टेकली.

“तुमची झोप मोडू नये म्हनून. पान्याले उठले तरी, बोललो तं पुरती उडन,” ती म्हणाली. “लग्न होऊन आली तवाच तुमच्या आईनं सांगतलं होतं, दुपारी गार्ड झोपला नाही, तं रात्री गाडीवर त्याचा डोळा लागन. तवापासून मी फोडणीवरही झाकण दाबून धरलं. सोनमलेही मीच शिकवलं.”

“पन आता कुठली ड्यूटी हाय?”

“ते मले समजते. तोंडाले समजत नाही.”

जनार्दन बॅग सोडून बसले. आपल्याला पडल्या पडल्या झोप लागते, हे ते गाडीवरच्या माणसांच्या विश्रांतीच्या रनिंग रूममध्ये सगळ्यांना फुशारकीने सांगत. त्या झोपेवर कुणी पहारा देत होतं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. नोकरीभर ते धडधाकट घरी परतले, त्यात या बाईच्या गप्प राहण्याचा केवढा वाटा होता. त्यांना लाज वाटली, आणि तिच्याबद्दल भरून आलं.

“मंग आता सांग,” ते म्हणाले. “मी झोपलो असतानी काय काय झालं ते. जोरात सांग.”

तिला जोरात बोलणं जमेना. घसा खाकरत खाकरत तिने सुरुवात केली. क्वार्टरमध्ये माकड शिरलं आणि पोळ्यांचा डबा घेऊन गेलं ते. संकल्प पहिल्यांदा चालला ते. बोलता बोलता ती तिच्या वडिलांवर आली. ते गेल्याचा निरोप शेजाऱ्यांच्या फोनवर दुपारीच आला होता म्हणाली. मोरीतला नळ सोडून ती रडली, मग डोळे धुऊन तिने जनार्दनांचा ड्यूटीचा डबा भरला.

जनार्दनांना तर तो निरोप दुसऱ्या दिवशी, ड्यूटीवरून परतल्यावर कळला होता. तो तेव्हाच आला, असं ते आजवर धरून चालले होते.

“उठवाचं नं मले,” ते म्हणाले.

“रात्री तुमची गाडी होती,” इंदुमती म्हणाली.